दसऱ्याला निघालेली टाकी

आमच्या कारखान्यातून नगर रस्त्याला लागायचे दोनच मार्ग आहेत. एक कारखान्यांच्या भिंतींमधून सरळ जातो. तो रुंद आहे आणि ओकाबोका. दुसरा बजाजनगरच्या बाजारातून जातो. ज्या वर्षाची ही आठवण आहे, त्या वर्षी पहिला रस्ता पाण्याच्या मोठ्या पाइपासाठी मधोमध उकरून ठेवला होता. पाइप आले नव्हते, चर तेवढा उघडा होता. त्यामुळे टाकी बाजारातूनच न्यावी लागणार होती.

टाकीबद्दल आधी सांगायला हवं. आमचा कारखाना वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेकडो लहान कारखान्यांपैकी एक. दुधाच्या डेअऱ्यांना, औषधाच्या कंपन्यांना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या आम्ही करतो. तोवर केलेली प्रत्येक टाकी साध्या ट्रकात मावायची. ही मावणारी नव्हती. परदेशातल्या एका कारखान्यात फळांचा रस साठवायला ती जायची होती. आडवी ठेवली तरी एका मजल्याच्या घरापेक्षा उंच. शेवटचा जोड शेडमध्ये बसेना म्हणून बाहेर मांडव घालून केला. पॉलिश झाल्यावर तिच्या पोटात आकाश दिसायचं. जेवणाच्या सुट्टीत आमचे वेल्डर डबे घेऊन तिच्यासमोर बसायचे आणि तिच्याकडे बघत जेवायचे. तेच तिचे कर्ते होते, तरी त्यांना ती नव्यानं बघावीशी वाटायची.

ऑर्डर द्यायच्या आधी त्या परदेशी कंपनीची माणसं येऊन गेली होती. त्यांनी आमचं वेल्डिंग पाहिलं, यंत्रं पाहिली, माना डोलावल्या. मग त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ चालत फाटकापर्यंत गेले. तिथं बराच वेळ बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले आणि आमच्या मालकांना म्हणाले, "तुम्ही बनवाल, यात शंका नाही. पण इथून बाहेर कशी काढणार? समुद्र कुठं, तुम्ही कुठं."

मालक म्हणाले, "एक टाकी देऊन बघा."

तसंच ठरलं. ही एक टाकी ठरलेल्या बोटीवर वेळेत चढली, तर पुढच्या टाक्याही आमच्याकडे. नाही चढली, तर ते काम बंदराजवळच्या वर्कशॉपला जाणार. आणि मालकांनी आम्हाला सगळ्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं की तसं झालं तर तेही बंदराकडे जागा बघतील, कारखाना तिकडे हलवतील. "मोठं काम रस्त्यापाशी जातं. आपला रस्ता पुरत नसेल तर आपण रस्त्यापाशी जायचं," असं ते म्हणाले. रागानं नाही, दुःखानंही नाही. पण ऐकणारे बहुतेक जण बजाजनगरात राहणारे. कुणी दोन खोल्या बांधलेल्या, कुणाची पोरं इथल्या शाळेत, कुणाची बायको शेजारच्या कंपनीत पॅकिंगला. समुद्राकडे जाणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. मीही नव्हतो.

माझ्याकडे माल बाहेर पाठवायचं काम आहे. हे काम मला मिळालं याचं मला अजूनही नवल वाटतं. आम्ही मेंढपाळ. माझं लहानपण गंगापूरच्या पलीकडच्या माळांवर गेलं. चाऱ्यासाठी आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो तेव्हा वाटेत नगर रस्ता आडवा यायचा. बाबा कळप कडेला थांबवायचे, दोन्ही बाजूंना बघायचे, आणि मग मेंढरं पलीकडे नेईपर्यंत त्यांचा श्वास वर असायचा. ट्रक जायचे. एकावर कापसाच्या गाठी, एकावर नव्या कोऱ्या रिक्षा, एकावर काय ते ताडपत्रीखाली झाकलेलं. मी विचारायचो, "बाबा, हे कुठं चाललंय?" ते म्हणायचे, "आपल्याला काय करायचंय? रस्ता त्यांचा. आपण वलांडायचा अन् निघायचं."

पुढं तालुक्याच्या शाळेत शिकलो, वसतिगृहात राहिलो, शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग झालं. घरातला पहिला पदवीधर. ज्यांनी मला शिकवलं, ज्यांनी वसतिगृहात जेवू घातलं, त्यांचे उपकार मोजायचं मी कधीच सोडून दिलं आहे. ते मोजण्यासारखे नाहीत. आणि आता त्याच नगर रस्त्यावरून कोणता माल कुठं जाणार हे मी ठरवत होतो. कामाला लागल्यावर पहिले काही महिने मी पहाटे लवकर येऊन रस्त्यावर उभा राहायचो, नुसतं बघायला. कामगारांच्या बसेस, सुटे भाग भरलेले टेंपो, स्टीलच्या पत्र्यांचे ट्रक, भाजीच्या रिक्षा, दुधाच्या गाड्या. एका कारखान्याच्या दारातून निघालेली पेटी दुसऱ्याच्या दारात जाई, तिथं तिच्यात काहीतरी बसे, आणि ती तिसऱ्याकडे जाई. रस्ता हा या सगळ्या कारखान्यांचा मधला कारखाना आहे असं मला वाटायचं. त्याला छप्पर नाही एवढंच.

टाकीसाठी मी रस्ता तपासला. उंच बांबूला खुणा करून, बाजारातून चालत. तारा कुठं लोंबतात, कुठल्या दुकानाचा पत्रा पुढं आलाय, वळणावर ट्रेलरचं शेपूट कुठं जाईल. दुकानदार चेष्टा करायचे. कटिंग-दाढीच्या दुकानातला म्हणाला, "इंजिनिअर, मेंढरं कुठं सोडून आला एवढा बांबू घेऊन?" मीच कधीतरी त्याला घरचं सांगितलेलं. मी हसलो, त्यानं चहा पाजला. दोनदा तपासलं. वायरमन लोकांशी बोललो, ज्या दिवशी टाकी जाईल त्या दिवशी ते वीज बंद करून तारा उचलून धरणार होते. पोलिसांकडून परवाना आला. सगळं जुळत होतं.

मग दिवस ठरवायचा होता. मालक शहरात गारखेड्याला राहतात. त्यांचे आजोबा भिक्षुकी करायचे, वडील सरकारी कचेरीत लिपिक होते, आणि धंद्यात पडलेले घरातले हे पहिले. वडिलांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. मोठ्या कामाच्या आधी अण्णांना विचारायचं ही कारखान्याची रीत आहे, आणि विचारणाऱ्यांत मालकांपेक्षा आमचे वेल्डर पुढं असतात. अण्णांनी पंचांग पाहिलं आणि म्हणाले, "दसरा. साडेतीन मुहूर्तांतला एक. आणि दुपारी विजय मुहूर्त. याहून चांगला दिवस शोधू नका."

सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी दुसरा विचार केला नाही. परवान्यात तीच तारीख घातली. ट्रेलर संध्याकाळच्या आत नगर रस्त्याला लागला पाहिजे, नाही तर परवाना नव्यानं काढावा लागणार. पुढं सुट्ट्या होत्या, तोवर बोट सुटली असती. पण संध्याकाळ लांब होती आणि बाजाराचा रस्ता जेमतेम एक चहा पिऊन होईपर्यंत चालून संपणारा.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. टाकीला हार घातला, हळदीकुंकू लावलं. दसऱ्याला दुपारी अण्णा फाटकात खुर्ची टाकून बसले होते, धोतर, काळी टोपी. ट्रेलरचा ड्रायव्हर राजस्थानचा, पिकलेल्या मिशांचा. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. अण्णांनी मान हलवली, नारळ फुटला, उस्तादनं गाडी चालू केली आणि टाकी हलली.

ती हलली त्या क्षणाचं मला नीट वर्णन करता येणार नाही. इतके महिने ती एका जागी होती, जागेचाच भाग झाली होती. चाकांच्या कितीतरी रांगा हळूहळू फिरू लागल्या आणि घराएवढी वस्तू आवाज न करता फाटकाबाहेर गेली. तिच्या पोटात आमचा कारखाना दिसला, मग शेजारचा, मग रस्त्यावरचं लिंबाचं झाड, लांबलचक होऊन सरकत गेलं. आमचे वेल्डर नवे कपडे घालून बायकापोरांसह आले होते. एकाच्या बायकोनं त्याला विचारलं, "हे तुम्ही केलं व्हय?" तो नुसता मान हलवत राहिला.

आणि मग आम्ही बाजारात वळलो.

वळल्यावर आमची चूक आम्हाला दिसली. आम्ही सगळे जन्मापासून दसरा करत आलेलो. सकाळीच प्रत्येकानं आपल्या दारावर झेंडूचं तोरण बांधलेलं. तरी दसरा रस्त्यावरही असतो, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. मुहूर्त तेवढा मनात राहिला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी झेंडूचे ढीग होते, आपट्याच्या फांद्यांचे भारे होते, धुतलेल्या मोटारसायकली हार घालून उभ्या होत्या. फुलांचं मी समजू शकत होतो, ढीग मागं सरकवता येतात. पण बाजाराच्या मध्यावर, जिथं रस्ता सगळ्यांत अरुंद आहे, तिथं देवीच्या मंडळाची कमान उभी होती. बांबूची, लाल कापडाची, वर देवीचं चित्र, लाइटच्या माळा. मी बांबू घेऊन फिरलो तेव्हा घटसुद्धा बसले नव्हते. कमान त्यानंतर उभी राहिली होती.

उस्तादनं गाडी थांबवली. उतरून कमानीखाली गेला, वर बघितलं, टाकीकडे बघितलं. ट्रेलरचे एक्सल खाली बसवता येतात, तसं करून बघितलं. तरी वीतभर अडत होतं.

"साहब," तो मला म्हणाला, "पीछे नहीं जाएगी. इतना माल लेके मोड़ पे रिव्हर्स, ना. आगे ही जाएगी, या यहीं खड़ी रहेगी."

मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांचं तिथंच हार्डवेअरचं दुकान. आम्ही नट-बोल्ट त्यांच्याकडून घेतो, ते आम्हाला ओळखतात. कपाळाला गुलाल, गळ्यात रुमाल.

"इंजिनिअर साहेब, बांबू घेऊन मोजत व्हते की तुम्ही. कमान दिसली नाय का?"

"तेव्हा नव्हती, भाऊ."

"नव्हती. पण नवरात्र येणार हे तरी ठावं व्हतं का नाय?"

गर्दी हसली. मलाही हसू आलं असतं, पण मालकांच्या चेहऱ्याकडे बघून आलं नाही. ते म्हणाले, "भाऊ, तासाभरासाठी कमान खाली घ्या. आमची माणसं परत बांधून देतील, याच्यापेक्षा चांगली."

अध्यक्षांचं हसू गेलं. "साहेब, तुम्ही जुने गिऱ्हाईक, तुम्हाला नाय म्हणवत नाय. पण ही कमान देवी जाईस्तोवर उतरवायची नसती. दिवस बुडताना देवी निघती, हिच्याखालून जाती, मग कमान उतरती. मधीच आडवी केली अन् काय कमी-जास्ती झालं, तर गल्ली मला इथं दुकान लावू देईल का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "टाकीलाच मिरवणुकीत घ्या की! देवीच्या मागं!"

"व्हय, अन् विसर्जन कुठं करता तिचं? नाथसागरात?"

पुन्हा हशा. पण वेळ जात होता. ट्रेलरच्या मागं रिक्षा अडकल्या होत्या, टेंपो अडकले होते. तारा उचलायच्या म्हणून वीज बंद केलेली, आणि दोन्ही बाजूंचे दुकानदार अंधाऱ्या दुकानांत समईच्या उजेडात आपापल्या तराजूंची, यंत्रांची पूजा करत होते. कुणी आमच्यावर खेकसलं नाही. सणाचा दिवस, आणि आम्ही त्यांचा उजेड बंद करून मधोमध उभे. मला लाज वाटली आणि त्यांच्या सोसण्याचं नवलही वाटलं.

मालक माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "संध्याकाळी देवी गेल्यावर निघालो तर?"

"परवाना संध्याकाळपर्यंतचाच आहे, साहेब. आणि मिरवणुकीला हाच रस्ता. टाकी इथं उभी असेल तर देवीच जाऊ शकणार नाही."

त्यांनी टाकीवर तळहात ठेवला. बाजूला आमचे लोक उभे होते, नव्या कपड्यांत, आणि त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं की ते समुद्राकडच्या एका अनोळखी गावाचा विचार करताहेत.

तेवढ्यात अण्णा आले. फाटकापासून चालत, काठी टेकत. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. गर्दीनं वाट दिली. त्यांनी कमान पाहिली, टाकी पाहिली, टोपी काढून हातात घेतली आणि अध्यक्षांना म्हणाले, "मुहूर्त मी काढला होता. पंचांग बघितलं, पण बाजाराला विचारायला पाहिजे होतं. मुलाला बोल लावू नका."

अध्यक्ष एकदम खाली वाकले, त्यांच्या पायांना हात लावला. "अण्णा, असं नका म्हणू. मुहूर्ताला कोण नाव ठेवतंय?"

कमानीच्या पायथ्याशी फुलं विकणारी एक बाई बसली होती. साठीची असेल. तिच्या ढिगाऱ्यापुढं ट्रेलरची चाकं आल्यामुळे तिचं गिऱ्हाईक मघापासून तुटलं होतं. ती झेंडूवर पाणी मारत म्हणाली, "मुहूर्त झ्याकच हाय की, आजोबा. आज तर समदी दुनिया शिलंगणाला जाती. एकटी कमानच का इथं रोवून ठिवली? तिलाबी न्या की शिवंपस्तोर. अन् माझ्या फुलांसमोरून हे धूड काढा, बया."

दसऱ्याला गावाची शीव ओलांडून जायचं, पलीकडून आपट्याची पानं घेऊन परतायचं, याला आमच्याकडे शिलंगण म्हणतात. माणसं जातात, गुरं नेतात, पालखी जाते. बाई गंमतीत बोलली होती आणि लोक हसलेही. पण अध्यक्ष हसले नाहीत. ते कमानीचे पाय बघायला लागले.

रस्ता काँक्रीटचा, खड्डा खणता येत नाही. म्हणून कमानीचे पाय वाळूनं भरलेल्या ड्रमांत रोवलेले होते. अध्यक्षांनी एका ड्रमावर टाच आपटली आणि अण्णांकडे वळले.

"अण्णा, तुम्हीच सांगा. आडवी नाय करायची. उभीच उचलून नेली, पुढल्या मैदानात, अन् उभीच परत आणली तर? चालंल का देवीला?"

अण्णांनी डोळे मिटले. मला आठवतंय, त्या शांततेत उस्तादच्या गाडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, "पालखी उचलतो तेव्हा आपण देव हलवला असं म्हणतो का? निघाला असं म्हणतो. उभी न्या. तोंड पुढं ठेवा. जमिनीला आडवी लागू देऊ नका. आणि तिथं पोचली की तिला आपट्याचं पान द्या."

त्यानंतर जे घडलं ते मी आजवर बघितलेल्या गोष्टींत सर्वांत मोठं आहे.

मंडळाची माणसं ड्रमांतली वाळू हातांनी उपसायला लागली. आमचे वेल्डर आणि फिटर पुढं झाले. नवे शर्ट कोपरापर्यंत सारले आणि बांबूच्या पायांना खालून खांदे लावले. शेजारच्या दुकानांतून माणसं आली. कटिंगच्या दुकानातला, मिठाईवाला, पंक्चरवाला, एक अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक. वर दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून बायका ओरडून सांगत होत्या, "डावीकडून कलती! डावीकडून!" चार दोर चारही दिशांना धरले होते, कमान डुलू नये म्हणून. अध्यक्ष पुढं उलटे चालत होते, दोन्ही हात वर करून, आणि ओरडत होते, "सावकाश! पोरीसारखी न्या! सासरी चाललीय समजा!"

आणि कमान उठली. लाल कापडाची, देवीचं चित्र वर, आपले चारही पाय जमिनीपासून उचलून ती माणसांच्या खांद्यांवर उभी राहिली आणि चालू लागली. तिच्या मागं, तिच्यापासून थोड्या अंतरावर, आमची टाकी चालू लागली. उस्ताद खिडकीतून अर्धा बाहेर येऊन बघत होता. त्यानं हॉर्न दिला नाही. टाकीच्या पोटात कमान दिसत होती, देवी दिसत होती, झेंडूचे पिवळे ढीग, खांदे लावलेली माणसं, गच्च्यांवरच्या बायका, वर आकाश. बाजार दोन झाले होते, एक रस्त्यावर, एक स्टीलमध्ये. मी दोन्हीकडे बघत चालत होतो.

मी रस्ता म्हणजे रुंदी, उंची, तारा, वळणं असं शिकलो होतो, आणि ते खोटं नाही. ते नसतं तर टाकी फाटकाबाहेरच आली नसती. कुणीतरी कधीतरी हा रस्ता आखला, काँक्रीट ओतलं, एवढा भार पेलेल असा पाया घातला. त्यांना मी ओळखत नाही. पण त्या दुपारी रस्ता जिथं संपला, तिथून पुढं माणसांनी खांदे लावून तो वाढवला, आणि ज्यांनी लावले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा त्या टाकीशी काडीचा संबंध नव्हता.

पुढं आठवडी बाजाराचं मैदान आहे. तिथं कमान मैदानात नेली, उभीच धरून ठेवली. टाकी तिच्या समोरून गेली. धरणाऱ्यांचे खांदे भरून आले होते, पण कुणी सोडलं नाही. अण्णांनी दिलेलं आपट्याचं पान अध्यक्षांनी कमानीच्या बांबूत खोचलं. मग एक पान उस्तादला दिलं. त्यानं विचारलं, "ये क्या है?"

"सोना है," कटिंगवाला म्हणाला. "रख लो, उस्ताद. असली है."

उस्तादनं ते डॅशबोर्डवर आरशाजवळ ठेवलं.

वायरमननं तारा सोडल्या, वीज आली, दोन्ही बाजूंची दुकानं एकदम उजळली. मागं बघितलं तर कमान परत आपल्या जागेकडे चालली होती, आता तिच्या माळा पेटलेल्या नव्हत्या पण ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं. देवी वेळेवर तिच्याखालून गेली असं नंतर कळलं. मी तेव्हा तिथं नव्हतो. मी टाकीबरोबर होतो.

नगर रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं, पण दिवस शिल्लक होता. पोलिसानं परवान्यावर वेळ लिहिली. मालक मोटारसायकलवरून आले होते. टाकी वळली, मुख्य रस्त्यावर सरळ झाली आणि वेग घेऊ लागली. त्या रस्त्यावर ती एवढी मोठी वाटेना. बाजारात तिनं सगळा रस्ता भरला होता. इथं तिच्या दोन्ही बाजूंनी मोकळं होतं, पुढं उतार, उतारापलीकडे पुन्हा रस्ता. मी फोन काढून बाबांना लावला. ते माळावरच होते, मागं मेंढरांचा आवाज येत होता. त्यांना म्हटलं, "बाबा, आमची टाकी नगर रस्त्याला लागली."

"केवढी हाय?"

"आपल्या वाड्यातली समदी मेंढरं आत बसतील, एवढी."

त्यांनी तिकडे मेंढरांना हाक घातली. मग म्हणाले, "जपून जाऊ दे. मधी लई जण वलांडत्यात."

मी उस्तादला फोन करून तेवढंच सांगितलं. तो हसला नाही. "जी साहब," म्हणाला.

त्यानंतरचे दिवस आम्ही कारखान्यात लहान टाक्यांची कामं केली, पण कुणाचं लक्ष नव्हतं. टाकी घाटातून उतरली असं कळलं, तेव्हा ग्राइंडर बंद झाले. बंदराच्या फाटकात पोचली असं कळलं, तेव्हा कुणीतरी पेढे आणायला निघालं. त्याला मालकांनी थांबवलं. "बोटीवर चढू द्या." ते स्वतः खुर्चीत बसत नव्हते, शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते. ज्या जागेवर टाकी उभी होती तिथं सिमेंटवर तिच्या आधारांचे चौकोनी ठसे होते, आणि त्यावरून कुणी चालत नव्हतं.

बोटीवर चढली ती बातमी दुपारी आली. फाटकात उभं राहून शंका घेणाऱ्या त्या वयस्कर गृहस्थांनीच मालकांना फोटो पाठवला होता. उंच क्रेनला लटकलेली आमची टाकी, खाली पाणी. मी समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो आमच्या टाकीच्या पोटात, निळा आणि वाकलेला. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं की पुढच्या टाक्या याहून मोठ्या आहेत, आणि त्या तुम्हीच कराव्यात.

मालकांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. मग बंदराकडच्या जागेसाठी ज्या माणसाशी बोलणी चालू होती त्याला आमच्यासमोरच फोन लावला आणि म्हणाले, "नको. आम्ही इथंच आहोत." एवढंच बोलून ठेवला. एक जुना फिटर मागं वळून डोळे पुसायला लागला आणि ग्राइंडिंगची धूळ गेली म्हणाला, तेव्हा ग्राइंडर तर केव्हाचे बंद होते.

संध्याकाळी मालक, अण्णा आणि मी पेढ्यांचे पुडे घेऊन बाजारातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो, प्रत्येक दुकानात. हार्डवेअरच्या दुकानात अध्यक्षांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "पुढली कधी हाय?"

"पुढल्या वर्षी."

"मंग आमच्या कमानीची उंची आताच सांगून ठेवा, साहेब. मंडळाची मीटिंग गणपतीच्या आधीच असती."

मालकांनी खिशातला पेन काढला. अध्यक्षांनी दुकानातलाच एक टेप ओढला, आणि दोघं काउंटरवर वाकून पुढच्या वर्षीच्या कमानीचं चित्र काढायला बसले. अण्णा स्टुलावर बसून बघत होते. मी बाहेर आलो. रस्ता वाहत होता, दिवसपाळी सुटली होती, कामगारांच्या बसेस एकामागून एक चालल्या होत्या, आणि त्यांच्या खिडक्यांतून आमची माणसं घरी जात होती. जवळच होतं त्यांचं घर.